प्रमाणाबाहेरचे काडतूस

काडतुसाच्या पितळी पुंगळीचे बूड नाण्याएवढे असते. त्या गोलावर काही अक्षरे आणि आकडे ठोकलेले असतात. पुंगळी कोणत्या कारखान्यात तयार झाली, कोणत्या मापाच्या नळीसाठी झाली, आणि ती लष्करी असेल तर कोणत्या वर्षी झाली, एवढा मजकूर त्यात मावतो. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याच्या पुंगळ्यांवरील ‘के एफ’ ही अक्षरे जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. वरवर पाहता ही केवळ खूण. पण तिच्यामागे यंत्रयुगातील एक मोठा करार उभा आहे. एका देशात एका अनोळखी कामगाराने बनवलेले काडतूस दुसऱ्या देशातील अनोळखी माणसाच्या रायफलीत बिनचूक बसेल आणि त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होणारा स्फोट पोलादी कोठीच्या आतच राहील, अशी ती हमी असते. अमेरिकन सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या ‘.३०-०६ स्प्रिंगफिल्ड’ या काडतुसातील दाब दर चौरस इंचास सुमारे ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हमीचे मोल कळते.

विसाव्या शतकात अमेरिकेत या कराराच्या कडेकडेने एक वेगळी कारागिरी वाढली. तेथील बंदूककार कारखान्याची पुंगळी घेत, तिची मान आवळून किंवा रुंदावून तिच्यात निराळ्या व्यासाची गोळी बसवत आणि त्या बदललेल्या काडतुसासाठी स्वतंत्र नळी घडवत. अशा काडतुसाला कोणत्याही कारखान्याचे पाठबळ नसे. ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नसे. अमेरिकन शिकाऱ्यांनी त्याला ‘वाइल्डकॅट’ म्हणजे रानमांजर हे नाव दिले. घरच्या मांजराशी रक्ताचे नाते आहे, पण दावणीला बांधलेले नाही, असा त्या नावाचा ध्वनी आहे. या काडतुसाच्या पुंगळीचे बूड मात्र खोटे बोलते. तेथे मूळ कारखान्याचे आणि मूळ मापाचे नाव कायम असते. आतली वस्तू दुसरीच झालेली असते. तेव्हा बुडावरच्या अक्षरांची हमी संपते आणि तिच्या जागी एका माणसाचा शब्द उभा राहतो. या कारागिरीचा इतिहास हा त्या शब्दाचा, तो देणाऱ्या माणसांचा आणि शेवटी त्यांच्या नावांचे काय झाले याचा इतिहास आहे.

हा प्रकार अमेरिकेतच का फोफावला, याची कारणे साधी आहेत. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये धूरहीन दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांत तेथील सैन्याने लेबेल रायफल स्वीकारली. काळ्या दारूच्या दिवसांत गोळीचा जोर वाढवायचा तर गोळी आणि दारू दोन्ही वाढवावी लागत. नव्या दारूने लहान व्यासाच्या हलक्या गोळीला पूर्वी अकल्पित असा वेग दिला. जर्मनीत माउझर बंधूंपैकी पॉल याने १८९८ मध्ये बोल्टच्या यंत्रणेला जे रूप दिले ते इतके बळकट ठरले, की पुढील शतकभराच्या शिकारी रायफली बहुतांशी त्याच साच्याच्या झाल्या. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफिल्ड हीदेखील त्याच वळणाची होती. एकीकडे बळकट यंत्रणा, दुसरीकडे भरपूर पितळ, घरच्या घरी काडतुसे भरण्याची जुनी सवय, आणि दूर अंतरावरून हरीण किंवा डोंगरी मेंढा टिपावा लागणारे मोकळे पश्चिमी प्रदेश, या सर्वांचा मेळ तेथे बसला.

तत्पूर्वी लष्करी रायफलीचे शिकारी रायफलीत रूपांतर करण्याची एक लाट येऊन गेली होती. थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत शिकारीसाठी मुद्दाम घडवलेली स्प्रिंगफिल्ड नेली होती. लॉस एंजेलिसचा बंदूककार वुंडहॅमर याने कादंबरीकार स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइट याच्यासाठी तशाच प्रकारची रायफल बांधली. न्यूयॉर्कमधील सीमोर ग्रिफिन हा मूळचा कपाटे-मेजे करणारा सुतार. रूझवेल्टचे आफ्रिकेतील शिकारीवरचे पुस्तक वाचून त्याला स्प्रिंगफिल्डचा दस्ता नव्याने घडवण्याची ओढ लागली, आणि पुढे तोच त्याचा व्यवसाय झाला. एका पुस्तकाने एका सुताराला बंदूककार केले, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

रायफल बांधणे हे तीन कारागिरींचे संमिश्र काम आहे. पहिले काम नळीचे. पोलादाच्या भरीव दांड्याला आरपार सरळ भोक पाडायचे, ते गुळगुळीत करायचे आणि मग त्यात मळसूत्री खाचा पाडायच्या. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष सांभाळते. किती इंचांत एक वेढा पूर्ण व्हावा, हे गोळीच्या लांबीवर ठरते. लांब गोळीला दाट वेढा लागतो. दुसरे काम कोठीचे, म्हणजे काडतूस जेथे बसते त्या जागेचे. येथेच रानमांजराचा जन्म होतो. ज्या रीमरने ही कोठी कोरली जाते, त्या रीमरच्या धारेतच नव्या काडतुसाची आकृती असते: अंग किती निमुळते, खांदा किती अंशांचा, मान किती लांब. पुंगळीचे बूड आणि बोल्टचे तोंड यांमधील फट इंचाच्या काही सहस्रांशांपलीकडे गेली तर पितळ ताणले जाऊन फाटू शकते. म्हणून कारागीर गेज घालून, पुन्हा कापून, पुन्हा गेज घालून पुढे जातो. तिसरे काम लाकडाचे. अक्रोडाच्या ठोकळ्यात यंत्रणेचा साचा कोरताना पोलादाला काजळी फासतात. जेथे काळा ठसा उमटेल तेथेच पटाशी लावायची आणि असे शेकडो वेळा करत पोलाद व लाकूड यांच्यात कागदही शिरू नये इतका बेमालूम सांधा साधायचा. मग दस्त्यावर हाताची पकड बसावी म्हणून चौकटीची नक्षी कोरायची आणि जवसाच्या तेलाचे हात चढवायचे. ही तीन कामे एकाच माणसाला सारखी साधणे दुर्मीळ. म्हणून चांगली रायफल बहुधा दोन-तीन कार्यशाळांतून फिरून पुरी होई.

एवढे झाल्यावरही रायफल मुकीच असते, कारण तिच्यासाठी काडतूस कोठेच विकत मिळत नाही. पुंगळ्यांना नवे रूप देणारे डाय बंदूककारालाच करून द्यावे लागत. मालकाने ‘.३०-०६’ च्या पुंगळ्या आणायच्या, तेल लावून डायमधून दाबायच्या, मान बारीक करायची, लांबी छाटायची आणि मग दारूचे माप हळूहळू वाढवत, प्रत्येक बारानंतर पितळावरची दाबाची चिन्हे वाचत, आपली भरणी ठरवायची. कारखान्याच्या तक्त्यांत याला उत्तर नसे. विकत घेतलेली रायफल पहिल्या दिवशीच तयार असते. रानमांजर रायफलीचा मालक मात्र तिच्या निर्मितीत सहभागी झाल्याखेरीज तिचा मालकच होत नाही.

या इतिहासातील पहिले ठळक नाव चार्ल्स न्यूटन याचे. १८६८ मध्ये जन्मलेला हा न्यूयॉर्क राज्यातील गृहस्थ पेशाने वकील होता. सॅव्हेज कंपनीने १९१२ मध्ये बाजारात आणलेले ‘.२२ हाय-पॉवर’ आणि १९१५ मधील ‘.२५०-३०००’ ही दोन्ही काडतुसे त्याच्या कल्पनेतून निघाली. दुसऱ्याच्या नावातील ३,००० हा आकडा सेकंदाला फुटांमधील वेगाचा आहे. न्यूटनला त्यासाठी १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची, गोळी हवी होती. कंपनीने ८७ ग्रेनची घेतली, कारण हलक्या गोळीनेच तो ३,००० चा आकडा गाठता येत होता आणि आकडा विकला जातो. कारागिराचे मत आणि बाजाराची गरज यांच्यातील हा पहिला नोंदवलेला ताण म्हणता येईल. न्यूटनने पुढे बफेलो येथे स्वतःची कंपनी काढून स्वतःच्या काडतुसांसाठी स्वतःच्या रायफली करण्याचा घाट घातला. पहिल्या महायुद्धाने जर्मनीतून येणाऱ्या माउझर यंत्रणा बंद पडल्या आणि १९१८ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली. त्याची काडतुसे काळाच्या पुढे होती असे नेहमी म्हटले जाते. ते एका तांत्रिक अर्थाने खरे आहे. एवढ्या मोठ्या पुंगळीला मानवेल अशी मंद जळणारी दारू त्या वेळी सहज उपलब्ध नव्हती. न्यूटनला रानमांजर पाळायचे नव्हते; त्याला स्वतःचे प्रमाण स्थापायचे होते. १९३२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावाची काडतुसे विस्मृतीच्या वाटेवर होती.

ॲडॉल्फ नीडनर याचा मार्ग वेगळा. मॅसॅच्युसेट्समधील माल्डन येथे आणि नंतर मिशिगनमधील डोवॅजिॲक येथे त्याने नळ्या केल्या. त्याच राज्यातील डॉ. फ्रँकलिन मान या वैद्याने गोळीच्या उड्डाणावर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या परंपरेच्या सहवासात नीडनरचा हात तयार झाला होता. १९२० च्या सुमारास त्याने ‘.३०-०६’ च्या पुंगळीची मान आवळून तीत पाव इंची, नेमके सांगायचे तर ०.२५७ इंच व्यासाची गोळी बसवली. कल्पना इतकी सरळ होती की ती अनेकांना सुचली असती. नीडनरने ती अचूकपणे घडवली आणि तीसाठी रायफली बांधल्या. ‘.२५ नीडनर’ या नावाने ते काडतूस जवळजवळ अर्धे शतक अमेरिकन कार्यशाळांमध्ये जगले. १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या यादीत घेतले तेव्हा त्याचे नाव ‘.२५-०६ रेमिंग्टन’ झाले. नीडनरला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

नेड रॉबर्ट्सच्या वाट्याला वेगळे भाग्य आले. त्याने माउझरचे सात मिलिमीटरचे जुने काडतूस निवडून त्याची मान पाव इंचावर आणली. त्याच्यासाठी रायफल बांधणारा पुन्हा नीडनरच होता. रेमिंग्टनने १९३४ मध्ये थोडे फेरफार करून हे काडतूस बाजारात आणले आणि त्याला ‘.२५७ रॉबर्ट्स’ म्हटले. ‘.३५ व्हेलन’ ची कथा आणखी सूचक आहे. १९२२ मध्ये कर्नल टाउनसेंड व्हेलन फ्रँकफर्ड शस्त्रागाराचा प्रमुख असताना त्याच्या हाताखालील जेम्स हाउ याने ‘.३०-०६’ ची मान रुंदावून हे काडतूस सिद्ध केले. काम हाउचे आणि नाव आपले, असे व्हेलनने पुढे लिहून ठेवले आहे. हाउ आणि सुतार ग्रिफिन यांची गाठ घालून देणाराही व्हेलनच. १९२३ मध्ये त्या दोघांची ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही पेढी न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. हाउ लवकरच तीतून बाहेर पडला. कारखान्याने हे काडतूस स्वीकारायला १९८८ साल उजाडले. नाव मात्र व्हेलनचेच राहिले. लिहिणाऱ्याचे नाव टिकले आणि घडवणाऱ्याचे पेढीच्या पाटीपुरते उरले, असा याचा एक अर्थ निघतो. व्हेलन हा या क्षेत्रातील अत्यंत वाचला जाणारा लेखक होता, ही गोष्ट येथे दुर्लक्षिता येत नाही.

किंबहुना रानमांजराचा इतिहास मासिकांच्या पानांवाचून घडलाच नसता. कार्यशाळेत काडतूस जन्मे, पण त्याचे अस्तित्व सिद्ध होई ते ‘अमेरिकन रायफलमन’ सारख्या नियतकालिकात. तेथे बंदूककार, लष्करी अधिकारी, डॉक्टर, शेतकरी आपापल्या नोंदी पाठवत आणि एकमेकांचे दावे तपासत. जॅक ओ’कॉनर हा ॲरिझोना विद्यापीठातील अध्यापक. १९३० आणि १९३८ मध्ये त्याच्या दोन कादंबऱ्या निघाल्या होत्या. पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून त्याने जे शिकारीविषयक गद्य लिहिले ते त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा दीर्घायुषी ठरले. त्याचे आवडते काडतूस ‘.२७० विंचेस्टर’ रानमांजर नव्हते. १९२५ मध्ये ते कारखान्यातूनच बाहेर पडले. पण तेही ‘.३०-०६’ ची मान आवळूनच केलेले होते. कारागिरांची रीत कारखान्याने किती लवकर आत्मसात केली, हे त्यावरून दिसते.

मंदीच्या काळात या देवघेवीला वेग आला. स्प्रिंगफिल्ड शस्त्रागारातील काही उत्साही अधिकारी व तंत्रज्ञ यांनी एका लहान जुन्या पुंगळीवर प्रयोग करून ‘.२२ हॉर्नेट’ तयार केले. विंचेस्टरने १९३० मध्ये त्याची काडतुसे विकायला सुरुवात केली तेव्हा त्यासाठी कारखान्याची एकही रायफल बाजारात नव्हती. ती कारागिरांनीच बांधावी, अशी अपेक्षा होती. १९३७ च्या सुमारास जे. ई. गेबी याने न्यूटनच्या ‘.२५०-३०००’ ची मान ०.२२४ इंचापर्यंत आवळली आणि ‘व्हार्मिंटर’ हे नाव व्यापारी हक्क म्हणून नोंदवून टाकले. परिणाम उलटा झाला. इतर बंदूककारांना ते नाव वापरता येईना. त्यांनी तेच काडतूस मुळातील दोन आकडे जोडून ‘.२२-२५०’ म्हणून चालू ठेवले. १९६३ मध्ये ब्राउनिंगने हे काडतूस रानमांजर असतानाच त्याची रायफल विक्रीस काढली आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला प्रमाणाचा दर्जा मिळवून दिला. रूढ झाला तो आकडा. नोंदवलेले नाव मागे पडले. शब्दावर मालकी सांगितली की लोक दुसरा शब्द शोधतात, हा भाषेच्या अभ्यासकाला नवा अनुभव नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या कारागिरीला टंचाई आणि सुबत्ता दोन्ही दिल्या. युद्धकाळात गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टनने ‘.२२’ च्या वापरलेल्या रिमफायर पुंगळ्यांपासून गोळीचे वेष्टण दाबून काढणारे डाय केले. चांदमारीच्या जागी टाकून दिलेले पितळ नव्या गोळीचे अंग झाले. युद्ध संपल्यावर सैनिकांनी आणलेल्या आणि युद्धातून उरलेल्या माउझर रायफलींचा पूर आला. लष्कराची उरलेली दारू कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडनने स्वस्तात विकली. न्यूटनला जी मंद दारू मिळाली नव्हती ती आता पिंपांनी मिळू लागली.

याच काळात पार्कर ओटो ॲक्ली हे नाव पुढे आले. १९०३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या ॲक्लीचे शिक्षण शेतीचे. १९३६ मध्ये त्याने ऑरेगनमध्ये बंदुकांचे दुकान घेतले आणि युद्धानंतर कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथे कार्यशाळा थाटली. तेथील महाविद्यालयात बंदूककारागिरीचे वर्ग सुरू झाले आणि युद्धावरून परतलेली तरुण मंडळी सरकारी मदतीवर ते शिकू लागली. जे ज्ञान एका कारागिराकडून दुसऱ्याकडे हातोहात जात असे ते अभ्यासक्रम झाले. ॲक्लीची ‘सुधारित’ काडतुसे ही त्याची कीर्ती. मूळ पुंगळीचे निमुळते अंग जवळजवळ सरळ करायचे आणि खांदा ४० अंशांचा करायचा, म्हणजे दारूसाठी थोडी अधिक जागा होते. यातील खरी युक्ती अशी, की ही कोठी कोरल्यावरही मूळ कारखान्याचे काडतूस तीत झाडता येते. बार होताच पितळ कोठीच्या भिंतींवर दाबले जाते आणि बाहेर येते ती सुधारित पुंगळी. रानात गेलेल्या शिकाऱ्याची स्वतःची काडतुसे संपली तर तो गावच्या दुकानातले साधे काडतूस वापरू शकतो. प्रमाणापासून दूर जाताना परतीची वाट मोकळी ठेवणारे हे रूप सर्वाधिक टिकले, यात नवल नाही.

ॲक्लीचे मोठेपण याहून वेगळ्या गोष्टीत आहे. त्याने निरनिराळ्या लष्करी यंत्रणा मुद्दाम मोडेपर्यंत चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष १९६० च्या दशकात दोन खंडांत प्रसिद्ध केले. पराभूत राष्ट्राची म्हणून हेटाळली जाणारी जपानी अरिसाका यंत्रणा त्यांत असाधारण बळकट ठरली. त्याने ते तसेच छापले. स्वतःच्या व्यवसायालाही त्याने सूट दिली नाही. पुंगळी वाढवल्याने काही काडतुसांना लाभ होतो, काहींना नगण्य होतो, आणि लहान नळीला फार मोठी पुंगळी जोडली तर नळी झिजते पण वेग त्या मानाने वाढत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. सेकंदाला ५,००० फुटांचा वेग गाठण्याच्या हौसेपायी त्याने एक अजस्र काडतूस केले खरे. हत्तीच्या शिकारीच्या जातकुळीची पुंगळी आवळून तीत ‘.२२’ ची चिमुकली गोळी बसवली आणि त्याला कानठळ्या बसवणारे विनोदी नाव दिले. ते ५,००० पर्यंत पोहोचले नाही. कारागिराने आपल्याच कारागिरीची केलेली ही थट्टा आहे.

रॉय वेदरबी हा त्याच काळातला. पण त्याची वाट बाजाराकडे जाणारी. कॅलिफोर्नियात विमा विकणाऱ्या या गृहस्थाने १९४० च्या दशकात ब्रिटिश ‘.३०० हॉलंड अँड हॉलंड’ ची पुंगळी फुगवून आपली वेगवान काडतुसे केली आणि १९४५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. न्यूटनला जे साधले नाही ते वेदरबीला साधले: रानमांजर त्याने छापाची वस्तू केले. त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर त्याचेच नाव ठोकले गेले. पण ज्या क्षणी ते ठोकले गेले त्या क्षणी ते रानमांजर राहिले नाही.

अमेरिकेतील हे स्वातंत्र्य सार्वत्रिक नव्हते, हे भारताच्या उदाहरणाने स्पष्ट होते. येथे काडतुसाचे माप बाजाराने ठरवले नाही, सत्तेने ठरवले. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात ‘.४५०’ मापाच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी घातली. सैन्याची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल त्याच व्यासाची होती आणि ती काडतुसे बंडखोरांच्या हाती पडण्याची भीती होती. लंडनच्या बंदूककारांनी लगोलग ‘.४६५’, ‘.४७०’, ‘.४७५’ अशी शेजारची मापे काढली. लष्करी ‘.३०३’ ही नागरिकांना वर्ज्य होती. याच १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल जिम कॉर्बेटला मिळालेली रिग्बी रायफल ‘.२७५’ ची होती. मराठी वाचकाला अनुवादांतून परिचित असलेली ही रायफल माउझरच्या सात मिलिमीटरच्या काडतुसाची. रिग्बीने त्याला इंग्रजी माप दिले एवढेच. नेड रॉबर्ट्सने पुढे जी मान आवळली ती याच पुंगळीची. एकच पितळी आकृती अमेरिकेत प्रयोगाची सामग्री झाली आणि भारतात परवान्यावरची नोंद. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना शस्त्र घडवणे व बदलणे निषिद्ध ठरवले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच जवळपास संपली. येथे रानमांजर काडतुसाला जन्मायला जागा नव्हती, आणि आता त्याला काही प्रयोजनही नाही.

प्रयोजनाचा प्रश्न अमेरिकेतही टळत नाही. रूझवेल्ट आणि त्याच्या मित्रांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने शिकारीत प्राण्याला निसटण्याची न्याय्य संधी हवी, हे तत्त्व मांडले. रानमांजर काडतुसाचा बहुतेक दावा याच्या विरुद्ध बाजूला झुकणारा होता: अधिक वेग, अधिक सपाट मार्ग, अधिक अंतर. त्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की अचूक आणि वेगवान गोळी जनावराला तडफडत ठेवत नाही. हे खरे आहे. पण अंतर वाढले की वारा, हालचाल आणि नेमबाजाचा श्वास यांच्या चुका त्याच प्रमाणात वाढतात, हेही तितकेच खरे आहे. नीडनर किंवा ॲक्ली यांच्या हातची रायफल स्वतःच अचूक असली तरी ती धरणारा हात अचूक होतोच असे नाही. या परंपरेतील विचारी लेखकांनी हा इशारा वारंवार दिला. त्यांची उत्तम रायफल कित्येकदा वर्षभरात एखादेच जनावर पाडत असे. उरलेले दिवस ती कागदी लक्ष्यावर भोके पाडत तपासली जात असे. शिकार हे निमित्त आणि नेमकेपणा हा खरा ध्यास, अशी तिची अवस्था झाली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक रानमांजर प्रमाणात येत गेले. ‘.३०८ विंचेस्टर’ ची मान आवळून केलेले सात मिलिमीटरचे रूप १९८० मध्ये रेमिंग्टनने स्वीकारले. अमेरिकन शस्त्र व काडतूस उत्पादकांच्या १९२६ मध्ये स्थापन झालेल्या मानक संस्थेने २००७ च्या सुमारास ‘.२८० ॲक्ली इम्प्रूव्हड’ ला मान्यता दिली. ॲक्लीला जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. मान्यता मिळताच मापे पक्की झाली, दाबाची मर्यादा ठरली, काडतूस दुकानात आले आणि ते चालवण्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज उरली नाही. यात लाभ उघड आहे. अनोळखी माणसाच्या हाती गेलेल्या रायफलीचे बूड आता खोटे बोलत नाही, आणि त्यामुळे कदाचित एखादा डोळा किंवा हात वाचतो.

हानी तेवढी उघड नसते. प्रमाण आणि प्रमाणेतर यांचा विचार करताना दोहोंना शत्रू मानण्याची सवय अनेक क्षेत्रांत पडली आहे. या कारागिरीचा इतिहास तसे मानू देत नाही. कारखान्याच्या निर्दोष पुंगळीवाचून नीडनरला हात घालायला काही नव्हते. आणि नीडनर, गेबी, ॲक्ली यांच्यावाचून पुढचे पाऊल कोठे टाकावे हे कारखान्याला कळले नसते. जोखीम मात्र समान वाटली गेली नाही. पहिल्या बाराच्या वेळी बोल्टमागे गाल टेकवून बसला तो कारागीर होता. कारखाना आला तो चाळीस-पन्नास वर्षांनी, सर्व काही सिद्ध झाल्यावर. त्या दीर्घ मधल्या काळात काडतूस जिवंत राहिले ते रीमरच्या धारेत, मासिकातील एखाद्या पत्रात आणि ‘अमुक पुंगळीतून केलेले’ एवढ्या ओळीत. त्या ओळीतले नाव प्रमाणाने कधी राखले, कधी पुसले. पण पितळाच्या खांद्याचा कोन आणि मानेची लांबी पुसता येत नाही. ‘.२५-०६’ च्या प्रत्येक नव्या पुंगळीच्या बुडावर दुसऱ्याचे नाव असले, तरी तिची आकृती अजूनही डोवॅजिॲकच्या त्या कारागिराचीच आहे.